उतरवून घ्या

पॅसिव्ह व्हॉइसमध्ये ‘शुड’ आणि ‘बी’ यांच्या मधोमध ‘इमिजिएटली’ कसं ऐटीत बसतं, हे मी फळ्यावर लिहिलं आणि स्वतःचंच मोत्यासारखं अक्षर नीट दिसावं म्हणून दोन पावलं मागे सरकलो. प्लॅटफॉर्म एकाच पावलात संपत होता.

पडलो, तसं पायात काहीतरी कटकन वाजलं. पण इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही, हा नियम माझाच. मी दात आवळून म्हणालो, “अ डॉक्टर शुड इमिजिएटली बी कॉल्ड!”

सगळा वर्ग वह्यांवर वाकला. सरांच्या तोंडून आलेलं इंग्रजी वाक्य म्हणजे उदाहरण, ते लगेच उतरवून घ्यायचं, हा नियमही माझाच.

“रिपीट प्लीज, सर,” पहिल्या बाकावरची संस्कृती घोलप म्हणाली.

मी रिपीट केलं. सवय हो, दुसरं काय!

“माय लेग मे पॉसिबली बी ब्रोकन,” मी विव्हळलो. तेही उतरलं. संस्कृतीनं तर ‘पॉसिबली’खाली पट्टी लावून लाल रेघ ओढली. तशा अवस्थेतही मला तिचं कौतुक वाटलं.

मग मात्र डोळ्यांपुढं अंधारी आली आणि तोंडातून निघून गेलं, “अगं आई गं, मेलो!”

धडाधड बाकं सरकली. कुणी पाणी आणलं, कुणी शिपाईमामांना हाक मारली, चौघांनी मला अलगद उचललं.

रिक्षात पाय ठणकत होताच, पण मनाला लागलं ते वेगळंच. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझं एकच वाक्य अख्ख्या वर्गाला पहिल्या फटक्यात कळलं होतं.