रविवारची गोळी

“आडवा होऊ नकोस. अर्धा तास.”

त्याची बायको उना दारात उभी राहिली, हातात स्वतःचा चहा. क्लॅरीच्या पोटात नुसतं पाणी आणि ती पांढरी गोळी. वर्ष होत आलं, दर रविवारी उजाडताच हे चाले. रक्तदाबाची आहे, म्हणाली होती. रक्तदाबाची गोळी आठवड्यातून एकदा? आणि डबी कधी दिसू द्यायची नाही?

गेल्या साली तिचं मनगट मोडलं, तेव्हापासून तिने धोशा लावला होता. गव्हाचं रान विकू, समुद्राकाठी जाऊन राहू. “मी मेल्यावर वीक,” तो म्हणाला होता. त्यानंतर पंधरवड्यातच गोळी सुरू झाली. ती वाण्याच्या दुकानी गेली की तो कपाटं धुंडाळी. काही सापडत नसे.

पबमध्ये त्याने जुन्या मित्राला, मर्वला सांगितलं. मर्व मिशीवरचा बिअरचा फेस पुसत म्हणाला, “तुला गोळी तरी मिळते. माझी नुसत्या शिव्या देते.”

क्लॅरी हसला नाही.

गावात दरवर्षी सत्तरीपुढच्यांचं रक्त घेत. म्हाताऱ्यांची हाडं का मोडतात, याचा शोध चालला होता. यंदा रक्त द्यायच्या सकाळी त्याने बाही वर केली आणि नर्स ब्रॉनच्या कानाशी लागला.

“यात विषबीष दिसतं का गं?”

“हाडाचं दिसतं, क्लॅरी. किती झिजतंय, किती नवं भरतंय. रक्त सगळं बोलतं.”

“बोलू दे मग.”

तीन आठवड्यांनी ब्रॉनने दोघांना एकत्र बोलावलं आणि दार लावून घेतलं. उना खिडकीबाहेर बघत बसली, जणू कुणाची वाट बघत होती.

“मला वाटलं रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झाली,” ब्रॉन म्हणाली. “म्हणून पुन्हा तपासलं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी दोघांनाही हाडांच्या गोळ्या घ्यायला सांगितल्या होत्या. क्लॅरी, तुम्ही म्हणालात, ठिसूळ हाडं बायकांची, आणि चिठ्ठी फाडलीत. उनाने तिच्या आणल्या. दर रविवारी एक, उपाशीपोटी. पण उनाचं रक्त म्हणतं, हाड झिजतंय, औषध शिवलेलंही नाही. आणि तुमचं म्हणतं, झीज थांबलीय.” ती दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. “कुणी सांगेल का मला?”

बाहेर काकाकुवांचा थवा कलकलत गेला. क्लॅरीने आपल्या बायकोकडे पाहिलं, जणू पन्नास वर्षांत प्रथमच.

“मला वाटलं, तू मला विष घालतेस,” तो हळूच म्हणाला.

“ठाऊक होतं. तोंडावर दिसायचं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर गिळली असतीस?”

“पण स्वतःची का दिलीत, उना?” ब्रॉनने विचारलं. “तुमचं तर एकदा मोडलंय.”

उनाने त्या सहा फुटी माणसाला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

“मी पडले तर हा मला उचलून गाडीत घालतो,” ती म्हणाली. “हा पडला तर मी ह्याला कशी उचलू?”