स्वस्तातली विंच

“बसवून बघा. नाही पटली तर आठवड्याच्या आत परत आणा,” दुकानदार म्हणाला. “मात्र दोराला एकदा ताण दिलात की ती तुमची. मग मी परत घेणार नाही.”

चष्मेवाल्या गिऱ्हाइकाने खोक्यातली विंच पुन्हा उचलून पाहिली. जीपच्या पुढच्या बंपरवर ती बसवायची, दोराचा आकडा समोरच्या झाडाला अडकवायचा आणि बटण दाबायचं. चिखलात रुतलेली गाडी स्वतःलाच ओढून बाहेर काढते. शेजारी दुसरी विंच होती, नावाजलेल्या कंपनीची. तिची किंमत ऐकल्यावर त्याने तिला हातही लावला नव्हता.

“ही टिकेल?”

“कधीमधी रुतणार असाल तर टिकेल. रोज रुतायची हौस असेल तर ती महागातली घ्या.” दुकानदाराने मान वर केली. “पण डोंगरात जाता म्हणजे बरोबर दुसरी गाडी असेलच की. ती ओढेल तुम्हाला. विंच कशाला?”

“आता नसते,” चष्मेवाला म्हणाला आणि खोकं उचलून निघाला.

दुसरी गाडी त्याच्या थोरल्या साडूची. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, घरं एकाच गल्लीत, आणि दोघांना खूळही एकच. रस्ता जिथे संपतो तिथून पुढे गाडी घालायची. एकाची रुतली की दुसऱ्याने दोर लावून ओढायची. नवऱ्यांच्या सुट्यांवर बहिणींनी कधीच पाणी सोडलं होतं.

मग सासऱ्यांच्या वाढदिवसाला सगळी मंडळी जेवायला बसलेली असताना थोरला म्हणाला, “मी नसतो ना, तर हा अजून चिखलात असता. टपावर बसून हाका मारत.” सगळे हसले. चष्मेवालाही हसला. घरी आल्यावर मात्र ते वाक्य त्याला झोंबलं, आणि दिवस जातील तसं जास्तच झोंबायला लागलं. थोरल्यालाही त्याने अनेकदा ओढून काढलं होतं, त्याबद्दल कुणी अवाक्षर बोललं नव्हतं. पुढच्या सुटीला त्याने पाठदुखीचं कारण सांगितलं. त्याच्या पुढच्या सुटीला थोरल्याने विचारलंच नाही. तेव्हापासून दोघंही घरात बसून होते. चष्मेवाल्याला करमत नव्हतं. डोंगर आठवायचा, आणि खरं सांगायचं तर डोंगरापेक्षा थोरलाच जास्त आठवायचा. पण विंच असली की कुणाचे उपकार नकोत, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

विंच बसवण्यात अर्धा दिवस गेला. मग त्याने माहितीपत्रक वाचलं. लोक ते सगळं बिघडल्यावर वाचतात, त्याने जरा आधी वाचलं. कारखान्यातून दोर सैल गुंडाळून येतो. वापरण्याआधी तो पूर्ण सोडून, ताण देत पुन्हा घट्ट गुंडाळायचा. नाहीतर पहिल्याच ओढीला वरचा वेढा खालच्या वेढ्यांत घुसतो आणि दोर कामातून जातो. त्यासाठी समोर दुसरी गाडी लावावी. तिच्यात एक माणूस बसवावा. त्याने ब्रेक हलकाच दाबून धरावा.

इथे घोडं अडलं.

“फाटकाच्या खांबाला बांधतो,” तो म्हणाला.

“खांब घेऊनच घरात याल,” बायको म्हणाली.

शेजाऱ्यांकडे गाडी होती, पण ती इतकी नाजूक की ब्रेकसकट घसरत अंगणात आली असती.

“भाऊजींकडे जा ना. त्यांची गाडी हल्ली गॅरेजातच असते.”

“त्यापेक्षा परत देतो ही.”

“द्या परत. मग पुढची सुटीही घरात काढाल आणि माझ्या स्वयंपाकघरातले डबे पुन्हा उंचीप्रमाणे लावाल. मला आता मीठ सापडत नाही.”

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं पुटपुटत त्याने जीप काढली. गल्लीच्या टोकापर्यंत जाईस्तोवर यातला हरी कोण आणि गाढव कोण, हे काही त्याला ठरवता आलं नाही.

थोरला अंगणात नळी धरून झाडांना पाणी घालत होता. जीप पाहून त्याने नळ बंद केला. तो पुढे आला, बंपरसमोर वाकला आणि विंचवर बोटाने टकटक केलं.

“स्वस्तातली?”

“हो.”

“कशी आहे?”

“अजून कळलं नाही. दोराला ताण द्यायचाय.” चष्मेवाला खाली उतरला. वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी विसरली होती. “समोर गाडी लागते. ब्रेकवर माणूस लागतो. तुम्ही आलात तर ठेवतो ही. नाहीतर उद्या परत करून टाकतो.”

थोरल्याने हात लेंग्याला पुसले. गॅरेजपाशी जाऊन त्याने शटर वर केलं.

आत त्याची जीप तोंड बाहेर करून उभी होती. चाकांवर चिखलाचा ठिपकाही नव्हता. पुढच्या बंपरवर अगदी तशीच विंच बसवलेली होती, तीही स्वस्तातलीच. तिच्या दोरावर कारखान्याची कागदी पट्टी तशीच होती, आणि पट्टीवर बरीच धूळ साठली होती.

“आधी माझा ताणू,” थोरला म्हणाला. “मी तुझ्याआधीपासून थांबलोय.”