नंबर नसलेली बाटली

अणुवीज केंद्राचा तपासनीस दर सोमवारी माझ्या गोठ्यातून बाटलीभर दूध किरणोत्सर्गासाठी तपासायला न्यायचा. बाटलीवर नंबर चिकटवून चालू पडायचा. गल्लीत त्याला ‘बोका’ म्हणायचे. “मागच्या दुधाचा रिपोर्ट काय रे?” मी विचारायचे. “एकदम ओके, मावशी.” दहा वर्षं हेच. गेल्या सोमवारी मी पेलाभर दूध त्याच्यापुढे ठेवलं. “ओके आहे ना? मग पी.” “ड्युटीवर चालत नाही.” “आणि घरी? तुझी लेक कुठलं दूध पिते?” “पिशवीचं,” तो पुटपुटला, “लांबून येतं.” “मी डोळे झाकून तुझ्या मशीनवर विश्वास ठेवते, आणि तुझाच नाही होय?” पेला त्याच्यादेखत मी घटाघटा संपवला. आज त्याने दोन बाटल्या पुढे केल्या. मी भरल्या. एकीवर त्याने नंबर चिकटवला, दुसरी तशीच बॅगेत ठेवली. “अरे बोक्या, नंबर राहिला!” “राहू दे मावशी, लेकीची आहे.”