एक तास पन्नास मिनिटं

"किती वेळ लागतो म्हणालात?"

"एक तास पन्नास मिनिटं," तिकीटवाल्या बाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं. "अकराशे किलोमीटर अंतर आहे. थेट विमान."

समोर बसलेला टेलर गळ्यातली टेप काढायलाही विसरला होता. मशीनवरचं काम अर्धवट टाकून तो तसाच आला होता. वडील त्या शहरात बहिणीकडे असतात, परवापासून इस्पितळात आहेत, श्वासासाठी मशीन लावलंय, एवढं त्यानं आल्या आल्या सांगितलं होतं. बाईंनी हातातला चहा बाजूला ठेवला. अशा माणसाला वेळेत पोचवणं हे त्या स्वतःचंच काम समजत.

पण हा माणूस म्हणजे डोक्याला ताप होता.

एकच्या विमानात मधली सीट होती. तिथं म्हणे त्याला गुदमरायला होतं. चारचं विमान लहान होतं, तेही नको.

"वाटेत थांबणारं एखादं नाही का?"

"आहे की. सात तास लागतात त्याला."

"आणि रेल्वेनं?"

"बावीस तास! अहो, वडील आजारी आहेत ना तुमचे?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बहीण रडतच बोलत होती, बाईंनाही ऐकू आलं.

"दादा, निघालास का रे? सगळे तुझ्यासाठीच थांबलेत. डॉक्टरसुद्धा."

"तिकीट बघतोय," म्हणून त्यानं फोन ठेवला.

आता मात्र बाईंचं डोकंच फिरलं. तिकडे बाप मरणाच्या दारात आणि इकडे याचे नखरे चाललेत! बापाशी नक्कीच वाकडं असणार. त्यांनी रागारागानं ओळखीच्या माणसाला फोन लावला, अक्षरशः गयावया केली आणि एकच्याच विमानातली खिडकीची सीट मिळवली.

"हे घ्या." त्यांनी छापलेलं तिकीट त्याच्यापुढे सरकवलं. "तीनच्या आत उतराल. आता एकही सबब सांगू नका. काय बिनसलं असेल ते असेल, पण बाप आहे तो तुमचा."

"बिनसलं?" टेलरनं मान वर केली. डोळे लाल झाले होते. "बाई, माझा हात धरून कात्री चालवायला शिकवली त्यांनी. अगदी परवापर्यंत कापड कापायच्या आधी मी त्यांना फोन करायचो."

"मग उठा की! बसलात कशाला?"

त्यानं तिकीट हातात घेतलं, वेळ वाचली आणि हळूच परत टेबलावर ठेवलं.

"मी पोचलो की ते मशीन बंद करायचं, असं ठरलंय," तो म्हणाला. "रेल्वेला बावीस तास लागतात म्हणालात ना?"