कांद्यानंतरचा फुलोरा

परतलेल्या मधमाशीच्या मागच्या पायावरची परागाची गोळी आज गडद नारिंगी होती. शालन पेटीपाशी उकिडवी बसून बघत राहिली. कांद्याचा पराग फिकट असतो, आणि बियाण्याच्या कांद्याचे गोंडे तर आता सुकत आले होते. ते सुकले की दरवर्षी ती आपल्या पेट्या उचलून दुसऱ्या गावच्या फुलोऱ्यावर जायची.

शेताचा मालक मुरलीधर दरवर्षी लग्नाचं विचारायचा. "इथं माझ्या माश्या उपाशी मरतील," म्हणत ती हसून टाळायची.

माश्यांमागोमाग ती विहिरीपलीकडे गेली, तर तिथे एकरभर सूर्यफूल फुललेलं. मुरलीधर पाणी देत होता.

"हे कधी पेरलंत?"

"तुम्ही यायच्या आधीच. माश्यांना पसंत पडलंय. आता मालकिणीचं कळू दे."

"आणि सूर्यफूल संपल्यावर?"

"तीळ उगवलाय बघा. पावसाळ्यात मका, मग कारळं, मग तूर. इतकी सोय मी माझ्या बैलांचीही केली नाही."

शालनला हसू आवरेना. "उद्याचा टेम्पो सांगून ठेवलाय मी," ती म्हणाली. त्याचा चेहरा उतरला.

"त्याला नको म्हणून कळवते. आपण लग्न करू या, मुरलीधरराव."