टोक धरणारी शेजारीण

विणकरांच्या त्या ओळीने बांधलेल्या विटांच्या घरांना मधली भिंत एकच असे. मागावरचा धागा तुटला की भिंतीवर थाप मारायची आणि शेजाऱ्याने येऊन टोक धरायचे, ही तिथली जुनी रीत.

नव्या घरात बायको रुळेल का, ही तिथे नुकत्याच राहायला आलेल्या इंजिनिअरची काळजी मिटली होती. तिला माग मिळाला होता, शिवाय हाकेसरशी धावणारी शेजारीण.

त्या दुपारी तो कौतुकाने तिचे विणकाम बघायला माडीवर गेला. रुंद खिडकीतून लख्ख ऊन मागावर पडले होते. धागा तुटला. तिने हसत भिंतीवर थाप मारली.

“अगं, आपलं घर ओळीतलं शेवटचं. त्या भिंतीपलीकडे मोकळं मैदान आहे.”

“हळू बोला, ऐकेल ती. तुमचं आपलं सदा मोजमाप.”

तिने तुटलेले टोक भिंतीसमोर धरले आणि सोडले.

ते खाली पडले नाही. धागा हळूहळू ताठ झाला.