खेळायची वही

"हाही गेला, बाबा," जावई म्हणाला आणि त्याने पुढच्या लिंकवर क्लिक केलं. पडद्यावर पुन्हा तेच आलं. पान सापडत नाही.

शेजारच्या खुर्चीत त्याचा सासरा, म्हातारा घड्याळजी, चष्मा सावरत बसला होता. लेक वारल्याला दीड वर्ष झालं होतं. तिचे त्रेसष्ट लेख ज्या वेबसाइटवर होते, ती मागच्या आठवड्यात कायमची बंद पडली. जावयाने इंटरनेट पालथं घातलं, लेख कुठेच मिळाले नाहीत. म्हातारा मात्र निर्धास्त होता. त्याने सगळं आपल्या वहीत घेऊन ठेवलं होतं. वही म्हणजे कॉम्प्युटरवरची. लेकीनेच करून दिलेली आणि जिवंतपणी डोकं खाऊन शिकवलेली.

"त्रेसष्टच्या त्रेसष्ट आहेत," म्हातारा म्हणाला. "मोजलेत मी."

"आहेत, पण नुसते पत्ते. मजकूर नाही. घरच पाडल्यावर पत्ता घेऊन काय करायचं?" बोलून गेल्यावर जावयाने जीभ चावली.

"मजकूरही घेता येतो की. अख्खं पान उतरवून घ्यायचं बटण आहे. येतं मला ते."

"मग घेतलं का नाहीत?"

"घेतलं ना. खेळायच्या वहीत."

लेकीने दोन वह्या करून दिल्या होत्या, एक खरी आणि एक खेळायची. नवं काही करून बघायचं ते खेळायच्या वहीत, खरीला धक्का लावायचा नाही. म्हाताऱ्याला हे एका वाक्यात पटलं होतं. गिऱ्हाइकाच्या घड्याळात हात घालण्याआधी भंगारातल्या घड्याळावर करून बघण्यातच त्याची चाळीस वर्षं गेली होती. त्याने सगळे लेख खेळायच्या वहीत उतरवून पाहिले. कधी फोटो सरकायचा, कधी शेवटची ओळ तुटायची. मनासारखं जमेपर्यंत खऱ्या वहीत न्यायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. तोवर तिथे नुसते पत्ते.

जावयाचा चेहरा उजळला. "अहो, मग तसेच चालतील की! ओळ तुटलेली असली तरी चालेल. कुठाय ती वही?"

म्हातारा जागचा हलला नाही.

"रोज संध्याकाळी पुसून टाकायचो," तो हळूच म्हणाला. "खेळून झालं की आवरायचं, असं सांगितलं होतं तिने."

जावयाने तरीही वही उघडली. पुसलेलं जिथे जाऊन पडतं ती टोपलीही पाहिली. तीसुद्धा रिकामी. आवराआवरीत म्हाताऱ्याचा हात कोण धरणार! वहीत एकच नोंद उरली होती, तीन वर्षांपूर्वीची.

"ही कशी राहिली?"

"ती माझी नाही. तिची आहे."

जावयाने नोंद उघडली. आत एकच ओळ होती.

बाबा, इथे काहीही बिघडलं तरी चालेल.

जावयाला रडू आवरेना. म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग माउस आपल्याकडे ओढला आणि ती ओळ उचलून खऱ्या वहीत नेऊन ठेवली. आधी कुठेही करून न बघता.